मात्सुझाकीच्या कोठाराची भिंत : कामाच्या नोंदी

जपानच्या इझू द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्सुझाकी नावाचं गाव आहे. तिथल्या एका जुन्या ‘कुरा’चा, म्हणजे मातीच्या जाड भिंतींच्या कोठाराचा, नैऋत्य कोपरा ढासळलाय. मालकीणबाईंनी तो गावातल्याच एका वयस्कर साकानकडून दुरुस्त करून घ्यायचं ठरवलं. साकान म्हणजे गवंडीच, पण फक्त गिलाव्याचा. मी त्यात शनिवार-रविवारची बिगारी म्हणून शिरले. नोकरी कॉम्प्युटरची, माहेर पेणचं. गणपतीच्या कारखान्यात लहानाची मोठी झाल्यामुळे प्लास्टरमधलं आपल्याला कळतं, असा समज होता. नोंदी त्या त्या रात्री लिहिलेल्या आहेत, नंतर फार हात फिरवलेला नाही.

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार

मिशिमाहून पहाटे गाडी काढली. मात्सुझाकीला रेल्वे नाही, शेवटचा तासभर डोंगरातली वळणं.

आज दिवसभर नुसती टकटक. ओयाकातांनी (उस्तादांना इथे सगळे हेच म्हणतात) लाकडी दांड्यानं भिंत ठोकत नेली आणि पोकळ आवाज आला की मी तिथे खडूनं फुली मारायची. आई बाजारात मडकं वाजवून बघते, तसंच. दुपारपर्यंत कोपरा फुल्यांनी भरला. त्यांना डोळ्यांनी बघायची गरजच पडत नव्हती. ते मान वळवून, समुद्राकडे बघत ठोकत होते.

भिंतीचा खालचा अर्धा भाग ‘नामाको’ पद्धतीचा आहे. काळसर चौकोनी, सपाट कौलं तिरकी बसवलेली आणि त्यांच्या सांध्यांवर पांढऱ्या चुन्याचे फुगीर पट्टे. लांबून बघितलं तर काळ्यावर पांढऱ्या रंगाची जाळी. नामाको म्हणजे समुद्रकाकडी, तो गुबगुबीत समुद्री प्राणी. पट्ट्यांचा गोलवा बघून नाव पडलं. हे दिसायला सुंदर आहे, पण केलंय ते पावसासाठी. हिवाळ्यात इथे पश्चिमेचा वारा समुद्रावरून सरळ येऊन आदळतो, पाऊस आडवा लागतो. नुसता चुना टिकत नाही, म्हणून खाली कौलांचं चिलखत.

१३ ऑक्टोबर, रविवार

फुल्यांवरची कौलं उतरवली. मागची माती पाट्याच्या पाट्या सुटून आली. मी घमेलं भरून मागच्या ढिगाऱ्यावर टाकायला निघाले, तर ओयाकाता ओरडलेच. जुनी माती टाकायची नसते. फोडायची, चाळायची आणि नव्या मातीत मिसळायची. एक गोळा फोडला तर आत भाताच्या पेंढ्याची काडी निघाली, पिवळीधमक, काल घातल्यासारखी. कोठार मेइजी काळातलं आहे, म्हणजे निदान शंभर वर्षांपूर्वीची काडी.

तळाकडचा बांबू मात्र गेलाय. बोटानं दाबला की भुगा. जमिनीतली ओल वर चढली आहे, असं त्यांचं मत.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आज बांबू. उभ्या-आडव्या कामट्या भाताच्या पेंढ्याच्या दोरीनं बांधायच्या, मग त्या जाळीवर माती. मी लगेच म्हटलं की हा तर कूड! आमच्याकडे कारवीच्या काठ्यांचा कूड घालून त्यावर शेणमाती लिंपतात. कोकणात अजूनही एखाद्या गोठ्याला दिसतो. फोनवर फोटो दाखवला. ओयाकातांनी तो मोठा करून करून पाहिला आणि विचारलं, “दोरीची टोकं कुठे आहेत?”

इथे गोम आहे. कुराच्या जाळीतून दोरीचे तुकडे मुद्दाम खाली लोंबत सोडतात. मातीचा पहिला थर लागला की ही टोकं त्यात दाबायची, दुसरा लागला की त्यात. भिंत इतकी जाड असते की माती स्वतःच्याच वजनानं खाली घसरेल, तिला आतून धरून ठेवायला दोरी. माझ्या वाट्याला गाठी आल्या. दोनशे तरी मारल्या असतील. पहिल्या चाळीस सोडून पुन्हा बांधायला लावल्या.

२ नोव्हेंबर, शनिवार

आज पाडवा. आईला सकाळी फोन केला तेव्हा मी कोपरापर्यंत चिखलात होते.

ही माती ओयाकातांनी जूनमध्येच भिजत घातली होती. माती, पाणी आणि चिरलेला पेंढा, मधूनमधून तुडवायचं, पुन्हा पेंढा घालायचा. पेंढा कुजतो आणि त्यातून मातीला चिकटपणा येतो. वास गोठ्याचा आणि गटाराचा मिळून. वास आला नाही तर माती कच्ची. मोठे गोळे करून हातानं भिंतीवर जोरात मारायचे. हळू लावला तर मागे हवा राहते, म्हणून मारायचाच. दिवाळीत अंगणात किल्ला करायचो त्याची आठवण झाली. तेव्हाही बुरूज ढासळायचा तो याच कारणानं, आम्ही माती लाडेलाडे लावायचो.

संध्याकाळी बाबांशी बोलणं झालं. त्यांचा पहिला प्रश्न, “चुना कधी लावणार?” म्हटलं, चार-पाच महिन्यांनी. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पेणला एवढ्या वेळात एक अख्खा सीझन संपतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

माती वाळते आहे. भेगा पडल्या आहेत, करंगळी जाईल एवढ्या. मी घाबरले, ओयाकाता खूश. पहिल्या थरानं फाटून घ्यायचं असतं, पुढचा थर त्या भेगांत बसून पकड घेतो. न फाटलेल्या मातीचाच त्यांना संशय येतो.

पाऊस असल्यामुळे काम बंद. मग गावातलं चोहाची संग्रहालय बघून आले. इरिए चोहाची हा मात्सुझाकीचाच, जन्म १८१५, मृत्यू १८८९. पेशानं साकान. एदोला (आजच्या तोक्योला) जाऊन त्यानं कानो शैलीची चित्रकलाही शिकून घेतली आणि मग थापीनं चित्रं काढायला लागला. चुन्याचा गिलावा उठावात लावून, त्यावर रंग चढवून केलेल्या या चित्रांना ‘कोते-ए’ म्हणतात, म्हणजे थापीचं चित्र. दारात तिकिटाबरोबर भिंग देतात. आधी मला ते पर्यटकांसाठीचं खूळ वाटलं. मग एका चित्रातल्या बाईच्या केसांवर भिंग धरलं. चुन्यात ओढलेल्या रेघा सुटसुटीत दिसत होत्या, केसागणिक एक. ब्रशनं रंगवलेल्या नाहीत, ओल्या चुन्यात कोरलेल्या. चुना घट्ट व्हायला लागल्यापासून फार घट्ट होईपर्यंतच्या मधल्या वेळात हे सगळं आटपायचं.

आपल्याकडे वाड्यांवर, देवळांच्या शिखरांवर चुनेगच्चीचं काम असतं, त्याचाच हा भाऊबंद. फरक मापाचा. आपली चुनेगच्ची खालून, लांबून बघायची, ही नाकाला लावून.

संग्रहालयाची इमारत १९८४ची, वास्तुरचनाकार इशियामा ओसामु. तिच्या भिंती करायला देशभरातले साकान आले होते. ओयाकाताही त्यात होते, पण तुम्ही केलेली भिंत कुठली विचारलं तर हात झटकतात.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज पहिल्यांदा शिक्कुई. हे इथल्या चुन्याच्या गिलाव्याचं नाव. मूळ शब्द चिनी, ‘चुना’ या शब्दाच्याच जुन्या चिनी उच्चारावरून आलेला. जिन्नस तीनच. विरवलेला चुना, समुद्री शेवाळाची खळ आणि तागासारखे हेंपचे बारीक तंतू. वाळू नाही.

शेवाळ पाण्यात उकळायचं. परिसराला सुक्या मासळीबाजाराचा वास. तासाभरानं दाट, ओघळणारी पेज होते, ती चाळणीतून गाळायची. या खळीचं काम मला आधी चिकटवण्याचं वाटलं होतं. ते नाही. कोरडी भिंत गिलाव्यातलं पाणी अधाशासारखं ओढून घेते आणि चुना थापीखाली ओढता ओढता अडकतो. खळ पाणी धरून ठेवते, त्यामुळे हात फिरवायला वेळ मिळतो. आपल्याकडे चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद घालायचे, तेही अशाच कारणांसाठी. जिथे जे पिकतं ते भिंतीत जातं.

तंतू मुठीत धरून मिश्रणावर झटकत टाकायचे, गुंता झाला तर गाठी राहतात. हे करताना मला एकदम घरचा काथ्या आठवला. पीओपीची मूर्ती साच्यात भरताना आधी पातळ प्लास्टरचा हात देतात, मग काथ्या प्लास्टरमध्ये बुडवून आतून चिकटवतात. काथ्या नसेल तर मूर्ती टेम्पोत चढवतानाच हात निखळतो. ओयाकातांना हे सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे सुसाच की.” तंतूला इथे सुसा म्हणतात. मातीत जातो तो पेंढ्याचा सुसा, चुन्यात हेंपचा, आता त्यांच्या यादीत नारळाचाही आला.

घरी आल्यावर शोधलं तर वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले सापडल्याचं संशोधन २०१६मध्ये प्रसिद्ध झालेलं दिसलं. भांग आणि हेंप एकच झाड. ओयाकातांना पुढच्या शनिवारी सांगायचं.

२४ नोव्हेंबर, रविवार

प्रयोग. ओयाकातांच्या नकळत.

घरी गॅलरीत तीन लाद्या पाडल्या, हाताच्या तळव्याएवढ्या. पहिली शिक्कुईची. दुसरी हस्तकलेच्या दुकानातून आणलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसची. तिसरी दोन्ही निम्मी-निम्मी, कारण मनात आलं की चुन्याला घट्ट व्हायला इतके दिवस लागतात तर थोडं प्लास्टर घालून घाई का करू नये.

प्लास्टरची लादी हातखंडा. पाण्यात पावडर पेरायची, पावडरीवर पाणी कधीच नाही. पाण्यावर बेटं दिसायला लागली की थांबायचं, मिनिटभर पिऊ द्यायचं, मग एकाच दिशेनं हलवायचं. भांडं आधी स्वच्छ हवं. कालच्या घट्ट प्लास्टरचा चुरा राहिला तर नवं प्लास्टर बघता बघता आवळतं. बाबा याला खरकटं भांडं म्हणायचे आणि त्यावरून पोरांना फटके मिळायचे. दहा-पंधरा मिनिटांत लादी गरम झाली, मग टणक. शिक्कुईची लादी रात्रीपर्यंत थंड आणि नखानं कोरता येईल अशी.

मराठीत आपण दोन्हीला प्लास्टर म्हणतो, सिमेंटच्या गिलाव्यालाही आणि मोडलेल्या हातावरच्या पांढऱ्या ओझ्यालाही. जात मात्र वेगळी. जिप्समचा दगड साधारण दीडशे अंशांला भाजला की त्याच्यातलं तीनचतुर्थांश पाणी उडतं, तीच पावडर. पाणी परत दिलं की ती पुन्हा दगड होते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत अडकतात. चुनखडीला नऊशेच्या आसपास अंश लागतात आणि उडतो तो कार्बन डायऑक्साइड. त्या कळीच्या चुन्यावर पाणी मारून विरवलं तरी तो दगड होत नाही, त्याला गेलेला वायू हवेतून परत मिळवावा लागतो. तो पृष्ठभागातून आत, कणाकणानं शिरतो. थोडक्यात, प्लास्टर पाणी पिऊन घट्ट होतं आणि चुना श्वास घेऊन. म्हणून पहिल्याला मिनिटं लागतात, दुसऱ्याला महिने आणि जाड थर असेल तर वर्षं.

तिन्ही लाद्या गॅलरीच्या कठड्यावर, पाऊस लागेल अशा ठेवल्या.

७ डिसेंबर, शनिवार

मधला थर. बारीक चाळलेली माती, वाळू, बारीक पेंढा. जपानी थापी, ‘कोते’, पहिल्यांदा नीट हातात आली. डाव्या हातात लाकडी पाट, त्यावर माती, उजव्या हातानं उचलून भिंतीवर. पाट आणि थापी एकाच वेळी उलटसुलट फिरवायची असते. माझी अर्धी माती बुटांवर.

ओयाकातांकडे शंभराच्या वर कोते आहेत. कोपऱ्याची, आतल्या कोपऱ्याची, पानाएवढी, बोटाएवढी, नामाकोसाठी पोटाकडून खोलगट. आज त्यातल्या दोनच वापरल्या.

१५ डिसेंबर, रविवार

सर्दी-खोकला, कामाला दांडी. तरी नोंद करण्यासारखं आहे म्हणून लिहिते.

औषधाच्या दुकानात काम्पोचं, म्हणजे इथल्या पारंपरिक वैद्यकाचं, खोकल्याचं औषध घेतलं. पाकिटाच्या मागे चार घटक, त्यातला एक ‘सेक्को’. अक्षरं ओळखीची वाटली. कपाटातून प्लास्टरची पिशवी काढली, तिच्यावर तीच दोन अक्षरं. जिप्सम! काम्पोत ते शरीरातली उष्णता काढणारं मानतात, काढ्यात उकळतात.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, “त्यात काय, आजी ताप आला की गोदंती भस्म नव्हती का चाटवायची मधातून?” गोदंती म्हणजे जिप्समच. गायीच्या दातासारखं पांढरंशुभ्र दिसतं म्हणून नाव. दोन देश, दोन वैद्यकं, तापावर तोच दगड. इतकी वर्षं आम्ही कारखान्यात प्लास्टरच्या गोण्या रिकाम्या करत होतो आणि वरच्या फळीवर आजीच्या डबीत त्याचंच भस्म होतं, हे घरात कोणाच्या लक्षात आलेलं मला तरी आठवत नाही.

मग वेडच लागलं. फ्रीजमधल्या टोफूचं पाकीट वाचलं, सोयाबीनचं दूध गोठवायला कॅल्शियम सल्फेट. तोच. घरात शिक्कुईची लादी सोडली तर पांढरं ते सगळं जिप्सम निघायला लागलं.

८ जानेवारी २०२५, बुधवार

डावं मनगट मोडलं. साइटवर नाही, ऑफिसला जाताना सायकल घसरली. हाड जागेवर आहे, चीर आहे. सूज असल्यामुळे पहिल्या दिवशी प्लास्टरची पट्टी एकाच बाजूनं बांधली. डॉक्टरांनी थर लावलेली कोरडी पट्टी पाण्यात बुडवली, बुडबुडे थांबेपर्यंत धरली, निथळली, हातावर टाकून तळव्यानं घासत बसवली. दुखत होतं तरी मी बघत होते. घासणं महत्त्वाचं. थरांमध्ये हवा राहिली तर ते एकजीव होत नाहीत. २ नोव्हेंबरची नोंद.

मग ती ओळखीची ऊब आली. नर्स म्हणाली घाबरू नका, गरम वाटेल. मी म्हटलं, माहीत आहे. तिला वाटलं आधी कधीतरी हाड मोडलं असेल.

जपानीत याला ‘गिपुसु’ म्हणतात, डच-जर्मन ‘गिप्स’वरून. त्यामुळे इथे कोणी भिंत आणि हात यांच्यात गल्लत करत नाही.

११ जानेवारी, शनिवार

तरी गेले. ओयाकातांनी गळ्यातला हात पाहिला, बोटाच्या पेरानं प्लास्टरवर टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, “भरीव आहे.”

पाट धरणारा हातच गेला, म्हणजे मी निरुपयोगी. उजव्या हातानं चाळण. दुपारी गाडीत बसून वाचन. मोडलेल्या हाडाभोवती प्लास्टर करायची कल्पना आधीही होती. युरोपात पाय पेटीत ठेवून त्याभोवती प्लास्टर ओतायचे, रोगी त्या ठोकळ्यासकट बिछान्याला खिळलेला. बेल्जियममध्ये खळीच्या पट्ट्या निघाल्या, त्या वाळायलाच दोन-तीन दिवस. मग १८५१-५२च्या सुमारास हार्लेममधल्या आंतोनियुस माथेयसेन या डच लष्करी डॉक्टरनं सुती पट्टीवर कोरडी पावडर चोळून ठेवायची आणि ऐन वेळी ओली करायची युक्ती काढली. त्याच सुमाराला रशियन सर्जन निकोलाय पिरोगोव्हला एका शिल्पकाराच्या स्टुडिओत प्लास्टरमध्ये भिजवलेलं कापड बघून हेच सुचलं. क्रिमियाच्या युद्धात, सेव्हास्तोपोलला, त्यानं ते सैनिकांवर वापरलं. त्यामुळे पुष्कळांचे हातपाय कापायचे वाचले.

शिल्पकाराचा स्टुडिओ वाचून मी पुस्तक मिटलं. काथ्या प्लास्टरमध्ये बुडवायचा, कापड प्लास्टरमध्ये बुडवायचं. बाबांच्या कारखान्यात एखादा पिरोगोव्ह चहाला आला असता तरी चाललं असतं.

१८ जानेवारी, शनिवार

सूज उतरली, प्लास्टर काढून फायबरग्लासचा गिपुसु घातला. हलका, निळा. पुन्हा तंतूच, फक्त काचेचे, आणि भिजवल्यावर घट्ट होणारं रेझिन. प्लास्टरची पट्टी मागून घेतली. डॉक्टरांना विनोद वाटला. घरी कात्रीनं कापून कडेला बघितलं, जाळीदार कापडाचे थर एकावर एक, आणि मध्ये पांढरं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गिपुसु निघाला. हात काडीसारखा, कातडी कोंड्यासारखी सुटते आहे. मनगट वळत नाही. डॉक्टरांनी व्यायाम दिलेत, कोमट पाण्यात मूठ उघड-मीट. ओयाकातांनी वेगळा व्यायाम दिला. पाटावर ओली माती घेऊन अंगणात चकरा मारायच्या, सांडायची नाही.

१ मार्च, शनिवार

लाद्यांचा निकाल. तीन महिने झाले.

शिक्कुईची लादी जशीच्या तशी, नखानं कोरली जात नाही. प्लास्टरच्या लादीच्या कडा झिजून गोल झाल्यात, वरचा भाग हाताला पिठासारखा लागतो. मिश्र लादी मधोमध तडकली आहे आणि पापुद्रा उचलतोय.

इथे मला हसू आलं, कारण पेणला सगळं उलटं दुखणं आहे. तिथे तक्रार अशी की पीओपी पाण्यात विरघळतच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांपासून तर घरात हा विषय काढला की जेवण थंड होतं. दोन्ही खरं आहे. जिप्सम लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं. दहा किलोच्या मूर्तीला पाच हजार लिटरच्या घरात पाणी लागेल, घरातल्या बादलीत ती विरघळणार कशी? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं त्यावर अमोनियम बायकार्बोनेटचा तोडगा काढला. त्यात जिप्समचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतं आणि वर खताच्या उपयोगाचं अमोनियम सल्फेटचं पाणी उरतं. पण भिंतीवर पाऊस बादलीसारखा साचत नाही, वाहून जातो आणि प्रत्येक सर आपले दोन ग्रॅम घेऊन जाते. विसर्जनाला फार चिवट, भिंतीला फार विरघळणारं. बाबांना हे वाक्य पाठवलं. उत्तर म्हणून नुसता अंगठा आला.

लाद्या शेवटी ओयाकातांना दाखवल्या. त्यांनी मिश्र लादी उचलली, उलटी केली, वास घेतला. म्हणाले, “आतल्या छताला चालेल. बाहेर कोणाला सांगू नकोस मी शिकवलं म्हणून.”

८ मार्च, शनिवार

कौलं बसली. खिळे ओयाकातांनीच मारले. सांध्यांत आधी जाडाभरडा चुना, त्यावर थराथरानं उंची. एका दमात फुगवटा करायला गेलं की तो स्वतःच्या वजनानं सरकतो. खोलगट कोते सांध्यावर ठेवून एका ओढीत न्यायची, मध्ये थांबलं तर तिथे पोट येतं. माझ्या वाट्याला आलेल्या सात सांध्यांना एकूण अकरा पोटं.

जेवणाच्या सुट्टीत मालकीणबाईंनी कोठाराचं दार उघडून दाखवलं. दाराची पाखं मातीची, हातभर जाड, आणि कडा जिन्यासारख्या पायऱ्यांच्या. मिटलं की पायऱ्या एकमेकींत बसतात, धूर-ज्वाळा आत शिरायला सरळ वाटच नाही. आग लागली की घरातलं मौल्यवान आत टाकून दार मिटायचं आणि फटी ओल्या मातीनं लिंपायच्या. त्यासाठी माती भिजवून तयार ठेवायची. लिंपायला माती नसेल तर मिसो, म्हणजे सोयाबीनचा आंबवलेला घट्ट लगदा, तोसुद्धा वापरायचे. तोक्योजवळच्या कावागोए शहराला १८९३मध्ये मोठी आग लागली, तेव्हा अशाच बांधणीची मोजकी दुकानं तेवढी वाचली. ते बघून व्यापाऱ्यांनी नवी दुकानं कुराच्या पद्धतीनं बांधली. तो रस्ता अजून आहे.

२२ मार्च, शनिवार

माझी पोटं तासून काढली. नवा थर. हात सुजला, लवकर परतले.

चुन्यानं बोटांची पेरं फाटलीत. ओयाकाता संध्याकाळी व्हिनेगरच्या पाण्यात हात धुतात, मी वर खोबरेल तेल चोपडते. डोळ्यांना चष्मा न लावता छताकडे तोंड करून काम करायचं नाही, हा इथला एकमेव लेखी नियम, दारावर चिकटवलेला.

५ एप्रिल, शनिवार

वरच्या भागाला शेवटचा हात. दोन-तीन मिलिमीटरचा थर, त्यासाठी ऑक्टोबरपासून आटापिटा.

सकाळी वारा नव्हता, आकाश झाकलेलं. असाच दिवस हवा होता. ओयाकाता आधी भिंतीला हात लावून उभे राहिले, मग पाण्याचा हलका शिडकावा. पहिला थर भराभर. त्यानंतर आम्ही दोघं भिंतीसमोर बादल्या उलट्या घालून बसलो. भिंत पाणी ओढत होती. ओला चकाकणारा पांढरा हळूहळू मंद व्हायला लागतो, कोपऱ्याकडून. पूर्ण मंद व्हायच्या जरा आधी शेवटची कोते फिरवायची. लवकर फिरवली तर लाट येते. उशीर झाला तर काय होतं ते मी दाखवून दिलं.

खिडकीखालचा हातभर पट्टा माझ्याकडे होता. एकदा फिरवून छान झालं होतं. तिथेच थांबायला हवं होतं. एक बारीकशी रेघ दिसली म्हणून पुन्हा फिरवली, जोर देऊन, मग पुन्हा. पांढऱ्यावर करड्या ढगासारखा डाग उमटला. चुना घट्ट होत आला की तो पोलादाला घासतो आणि लोखंडाचा काळेपणा अंगावर घेतो. पुसून जात नाही, वर पांढरं लावून झाकलंही जात नाही.

ओयाकाता रागावले नाहीत. लहान कोते घेऊन पट्टा खरवडून काढला, कडा ओल्या केल्या, नवा चुना ओढला आणि स्टेनलेसच्या पातळ कोतेनं दोनच हात मारले. पाच मिनिटं लागली असतील. मग मला त्यांची पोलादी कोते दिली, घरी नेऊन पुठ्ठ्यावर सराव कर म्हणाले.

२०२०मध्ये युनेस्कोनं जपानी लाकडी इमारतींच्या परंपरागत कौशल्यांना वारशाच्या यादीत घेतलं, त्यात साकानांचं काम आहे. ओयाकातांचं अभिनंदन केलं होतं तेव्हा त्यांनी विचारलं होतं की यादीतल्या कोणाला शनिवारी चाळायला पाठवता येईल का.

६ एप्रिल, रविवार

नाका नदीकाठची चेरी पूर्ण फुललेली, गावात गाड्यांची रांग. या गावाचा खरा धंदा फुलांचा नसून पानांचा आहे. मोची (चिकट तांदळाची मिठाई) गुंडाळायची खारवलेली चेरीची पानं देशात सर्वात जास्त इथूनच जातात. मालकीणबाईंनी एक डबा भरून दिला.

भिंतीवर जाळीचं कापड सोडलं, ऊन आणि वारा एकदम लागू नये म्हणून. कापडाआडून बघितलं. जुना पांढरा पिवळट, त्याच्या शेजारी नवा पांढरा डोळ्यांत भरणारा, जोड स्पष्ट दिसतो. हिमेजीचा किल्ला २०१५मध्ये डागडुजीनंतर उघडला तेव्हा लोकांना तो इतका पांढरा वाटला की थट्टा झाली होती, आता तो बराच निवळलाय. इथे चार-पाच पावसाळे लागतील, ओयाकाता म्हणतात.

बाबांना फोटो पाठवला. त्यांनी मोठा करून बघितला असावा, कारण लगेच फोन आला. “खिडकीखाली जरा वेगळं दिसतंय गं.”

हिशेब : माझे एकूण कामाचे दिवस १७, आजारपण आणि हात धरून बुडालेले ६. उरलेलं : उत्तरेकडच्या भिंतीचा तळ, तिथेही टकटक पोकळ आली आहे. त्यासाठीची माती आज दुपारी भिजत घातली. पेंढा मी चिरला. मे अखेरीस जाऊन वास घ्यायचा.